कापडी नावेवरचे ठोके

खोटं वाटलं तर खुशाल सोडून द्या. पण आमच्या घरात ही गोष्ट कोणी हसत सांगत नाही.

साल १९५५. मार्गशीर्ष महिना. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

जायकवाडीचं धरण तेव्हा व्हायचं होतं. गोदावरी मोकळी वाहायची. अंबड तालुक्यात, शहागडच्या खाली, काळे खडक थेट पाण्यात उतरलेले होते. तिथं हे घडलं, माझ्या आजोबांच्या बाबतीत. तेव्हा ते तिशीतले नावाडी होते, म्हणून इथं मी त्यांना नुसतं मच्छिंद्र म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी मच्छिंद्रचा थोरला भाऊ पुंजाराम त्याच खडकांत बुडाला होता.

दोघं एकाच नावेत होते; मच्छिंद्र तेवढा काठाला लागला. प्रेत सापडलं नाही. नावही सापडली नाही.

नावेत मच्छिंद्र पुढं असायचा, पुंजाराम मागं उभा राहून वाट बघायचा. नाव लांब, आणि खडकांत पाण्याचा घोंगाट एवढा की मागची हाक पुढं ऐकू येत नसे. म्हणून भावाभावांनी ठोके ठरवले होते. मागच्यानं वल्ह्याच्या दांड्यानं नावेच्या काठावर ठोकायचं. एक ठोका, डावीकडं घे. दोन, उजवीकडं.

तीन ठोके... थांब.

भाऊ गेला त्या दिवशी मच्छिंद्रनं गावाला सांगितलं, "दादानं ठोका दिलाच न्हाई. पिऊन आल्ता."

गावाला पटलं. पुंजारामच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, तेव्हापासून दिराशी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर बाया तिला दारुड्याची बायको म्हणायला लागल्या.

आणि मग तो पाहुणा आला.

जुगलकिशोर त्याचं नाव. जालन्यात मस्तगड भागातल्या एका व्यापाऱ्याचा भाचा, राहायला मुंबईत. रत्नागिरीकडं कातळाच्या कडेकडेनं भर समुद्रात वल्हं मारलेला गडी. दोन गोण्यांत घडीची नाव घालून आणली होती त्यानं. आत बांबूच्या कामट्या, वरून मेणकापड. दोन माणसं, एकामागं एक, अगदी चिकटून. तो तिला 'कयाक' म्हणायचा. गावाला ती पखालीसारखी वाटली.

"तुम्ही पुढे बसा, खडकातून रस्ता दाखवा," तो म्हणाला. "मी मागे बसतो."

मग वहीत काहीतरी लिहीत त्यानं सहज विचारलं, "तुमचे भाऊ इधरच गेले ना? कसे गेले?"

मच्छिंद्रनं वहीकडं पाहिलं.

याला काय करायचंय? वहीत काय लिहून घेतोय? कोणी चौकशीला तर धाडला नाही?

चोराच्या मनात चांदणं. नाही म्हणावं, तर गाव विचारणार, का नाही? मच्छिंद्र नावेत पुढं बसला.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा ते खडकांत शिरले.

घोंगाट वाढला. दोघांची वल्ही पाण्यात होती.

आणि मागून आवाज आला...

ठक.

एक ठोका. मच्छिंद्रचे हात आपोआप वळले. नाव डावीकडं गेली. उजव्या बाजूनं पाण्याखालचा एक सुळका सरकन मागं गेला.

हा तर दादाचा ठोका.

मग... ठक. ठक.

उजवीकडं. परत बरोबर!

आता त्याला भीतीपेक्षा संताप आला. हे ठोके घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे वहिनीनंच सांगितलं. दोघं मिळून आपल्याला खेळवून राह्यलेत.

तो मागं न बघता ओरडला, "शेठ! हे ठोके तुमाला कोणी शिकवले? बऱ्या बोलानं सांगा!"

"कसले शिकवले?" मागून जुगलकिशोर ओरडला. "ठोके तर तुम्हीच देताय ना... पुढून!"

मच्छिंद्रनं नावेच्या काठावर हात मारून पाहिला.

धप्प.

कापड होतं ते. ओलं, मऊ मेणकापड. त्यातून 'ठक' निघणारच नव्हतं...

समोर दोन खडकांमधली चिंचोळी वाट आली. इथंच दादा गेला होता. त्या दिवशी पलीकडं बाजाराची माणसं खोळंबली होती. दादानं ठोके दिले होते. स्पष्ट दिले होते. पण थोरला सारखा हुकूम सोडतो, या रागात मच्छिंद्रनं नाव तशीच पुढं रेटली होती.

ठक.

ठक.

ठक.

या वेळी तो थांबला. वल्हं खडकात अडकवून, सगळा जोर लावून थांबला.

नाव जागेवर गरगरली. जुगलकिशोरनं वाकून पाण्यात पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

हातभर पुढं, पाण्याच्या जरा खाली, एक फळी टोक वर करून खडकांत घट्ट रुतली होती. अजून एक वल्हं मारलं असतं, तर कापड उभं फाटलं असतं.

फळीच्या टोकाला जुना शेंदूर होता. भावाभावांच्या बुडालेल्या नावेला मच्छिंद्रनं स्वतःच्या हातानं लावलेला.

जुगलकिशोर त्याच संध्याकाळी जालन्याला निघून गेला. वही काठावरच विसरला होता. मच्छिंद्रनं ती उघडली. आत नुसती खडकांची चित्रं होती.

ओल्या धोतरानं तो द्वारकाबाईच्या दारात गेला.

"वहिनी, दादा पेलेला नव्हता. त्यानं तीन ठोके दिल्ते. मी थांबलो न्हाई."

दोन वर्षांनी ती त्याच्याशी बोलली.

"रोज दुपारी माझ्या दारावर तीन ठोके पडून राह्यलेत. उघडलं की कोणी न्हाई. मला वाटलं, तूच ठोकून पळून जातोस."

"मी कशाला येऊ, वहिनी?"

"मंग जा. पारावर जाऊन समद्यांसमोर सांग."

त्यानं सांगितलं. गाव थुंकलं त्याच्या तोंडावर, पण पुंजारामचं नाव धुऊन निघालं. दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाईचं दार शांत झालं.

आणि त्याच दुपारी आमच्या दारावर...

तीन ठोके.

आजोबा म्हातारे झाले तरी ते पडतच राहिले. दर वेळी आजोबा खाटेवरूनच कळवळून म्हणायचे, "सांगितलं की रे दादा... समदं सांगितलं!"

थोडा वेळ शांत जायचा.

मग परत तीन ठोके.

म्हणजे सगळं सांगितलं नव्हतं का? त्या खडकांत आणखी काय झालं होतं? आजोबा जाऊन आता बावीस वर्षं झाली. विचारायला कोणी उरलं नाही, आणि खरं सांगतो, विचारायची माझी छातीही झाली नव्हती.

जुनं दार काढून आम्ही लोखंडाचं बसवलं.

आवाज अजून लाकडाचाच येतो.