वाघिणीची उचकी

वाघिणीला उचकी लागली होती.

वाघीण म्हणजे मांडऱ्यांच्या घरची पिवळीधमक शर्यतीची गाडी. सरळ, गुळगुळीत, मोकळ्या रस्त्यावर ती मध्येच एक गचका द्यायची, मग थोडा वेळ शहाण्या मुलीसारखी चालायची आणि पुन्हा गचका. मागच्या सीटवर बसलेल्या नूपुरचे दात एकमेकांवर आपटत होते. गाडी चालवणाऱ्या विभाआत्याचा चेहरा पार उतरला होता.

"कुणीतरी आठवण काढतंय हिची," आत्या कसंबसं हसत म्हणाली.

शेजारी बसलेल्या आबांना असलं बोलणं खपत नसे. "उचकी म्हणजे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूंचा पडदा) अचानक आक्रसणं," ते म्हणाले. "आठवणीचा त्यात काडीचा संबंध नाही. आणि गाडीला पडदाही नसतो."

आबा म्हणजे नूपुरचे आजोबा आणि विभाआत्याचे वडील, शामराव मांडरे. वस्तू का झिजतात, याचा अभ्यास करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. लोखंड कसं झिजतं, रबर कसं झिजतं, कुठल्याही झिजण्यावर ते तासभर बोलू शकत. त्यांच्या घरात गाडीला लिंबू-मिरची बांधायची कुणाची टाप नव्हती. अशा माणसालाही आज उचकीचं कारण सापडेना, म्हणून नूपुर आणखीच गोंधळली होती.

त्या काळात कोल्हापुरातल्या सगळ्या गाड्या आपल्या आपण चालत. हाताने चालवायच्या गाड्यांसाठी सरावापुरता गावाबाहेरचा एक रस्ता असे, आणि वर्षातून एकच दिवस गगनबावड्याचा घाट मोकळा ठेवत. त्या दिवशी घाटात शर्यत व्हायची. ही शर्यत पूर्वी नूपुरची आजी गाजवायची. आजी गेली आणि वाघीण शेडमध्ये पडून राहिली. यंदा आत्याने तिला बाहेर काढायचं ठरवलं, तर नवा नियम आडवा आला. जुन्या गाडीत संगणकाच्या ताब्यातलं सेंटर डिफरन्शियल हवं, आणि तपासणीत गाडीने एकही गचका देता कामा नये. नापास झालेली गाडी कायमची संग्रहालयात, काचेमागे. तपासणी उद्या सकाळी होती.

आजीची वाघीण काचेमागे उभी राहिलेली नूपुरला नुसती डोळ्यांसमोरही आणवत नव्हती.

तिघं अंगणात परत आली तेव्हा हवालदार धावत आला. हवालदार हा आबांचा यंत्रमानव. काहीही तपासलं की हा सलाम ठोकायचा, म्हणून त्याचं हे नाव पडलं. त्याने गाडीखाली सरपटून सगळे बोल्ट, सगळ्या तारा पाहिल्या आणि बाहेर येऊन सलाम ठोकला.

"दोष शून्य," तो म्हणाला.

"मग उचकी कशाची?" नूपुरने विचारलं.

"कारण अज्ञात. दोष शून्य."

आत्याने कपाळाला हात लावला आणि चहा ठेवायला आत गेली. नूपुर आबांपाशी बसली. मुळात ते सेंटर डिफरन्शियल कशासाठी लागतं हेच मला कळलेलं नाही, असं तिने सरळ कबूल करून टाकलं. ते बसवताना तीन आठवडे ती पाने-पक्कड देत होती, पण कशासाठी ते विचारायची लाज वाटत होती.

आबा उठले. त्यांनी अंगणात बादलीभर पाणी ओतलं आणि हवालदाराला त्या ओल्यातून गाडी एका मोठ्या वळणात हळूहळू ढकलायला सांगितली. कोरड्या फरशीवर चार चाकांच्या चार ओल्या रेघा उमटल्या. एकही रेघ दुसरीवर पडली नव्हती. बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाची रेघ सगळ्यात लांब होती, आणि पुढच्या चाकांच्या रेघा मागच्या चाकांच्या रेघांपेक्षा बाहेरून गेल्या होत्या.

शाळेत लेझीमची रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्याला ढांगा टाकाव्या लागतात, तसंच हे, असं आबांनी समजावलं. वळणावर प्रत्येक चाकाला वेगळं अंतर कापायचं असतं. सगळ्यांना एकाच दांड्याला जखडलं तर एखादं चाक फरफटणारच. म्हणून डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चक्रांची पेटी) बसवतात. पुढच्या चाकांच्या मध्ये एक, मागच्या चाकांच्या मध्ये एक, आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या वाघिणीसारख्या गाडीत पुढच्या-मागच्या जोड्यांच्या मध्ये तिसरी. तीच मधली पेटी, म्हणजे सेंटर डिफरन्शियल.

"एवढंच ना? मग जुनी पेटी का काढली?" नूपुर म्हणाली.

"जुनी पेटी भोळी होती गं. पुढची चाकं चिखलात गेली की ती नुसतीच गरगर फिरत बसायची, आणि मागच्यांना जोर मिळायचा नाही. मग तुझी आजी एक दांडा ओढायची आणि दोन्ही जोड्या एकमेकींना बांधून टाकायची. चिखल संपला की सोडायची. कधी बांधायचं आणि कधी सोडायचं, हे तिच्या हाताला कळायचं."

आजीच्या हाताचं ते काम आता संगणक करणार होता. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर (चाकाच्या फेऱ्या मोजणारा छोटा डोळा) होता. पेटीत एकावर एक ठेवलेल्या चकत्या होत्या आणि त्यांच्याजवळ विद्युतचुंबक (वीज सोडली की ओढून धरणारं, वीज बंद केली की सोडणारं चुंबक). एक जोडी दुसरीपेक्षा विनाकारण जास्त फिरते असं दिसलं, की संगणक समजतो, ही घसरतेय. तो चुंबकात वीज सोडतो, चकत्या घट्ट दाबल्या जातात, आणि दोन्ही जोड्या बांधल्या जातात. फरक मिटला की तो पकड सैल करतो. वळणावर थोडा फरक पडणारच, हे त्याला स्टिअरिंगवरून कळतं.

नूपुरला हे सगळं कळलं आणि त्यामुळे ती जास्तच बुचकळ्यात पडली. सरळ रस्त्यावर वळण नव्हतं, चिखल नव्हता. मग संगणक चकत्या दाबत कशाला होता? तिने हवालदाराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की सेन्सरच्या मोजणीनुसार मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त फिरतात.

"सरळ रस्त्यावर? घसरत नसताना?"

"होय. सेन्सर बरोबर. दोष शून्य."

संगणक खोटं बोलतोय असं नूपुरला वाटलं, आणि खोटं पकडायचं तर स्वतः मोजायला हवं. तिने खडू घेतला. पुढच्या आणि मागच्या एकेका चाकावर, जमिनीला टेकतं त्या जागी, पांढरी खूण केली आणि हवालदाराला गाडी बोळातून सरळ ढकलायला लावली. पुढच्या चाकापाशी वाकून ती त्याच्याबरोबर चालत राहिली. बोळाच्या टोकाला पुढच्या चाकाची खूण बरोबर खाली आली तेव्हा तिने गाडी थांबवली.

मागच्या चाकाची खूण खाली नव्हती. ती पुढे निघून गेली होती.

नूपुर तिथेच फतकल मारून बसली. दोन्ही चाकं एकाच गाडीची, दोन्ही एकाच रस्त्याने तेवढीच चाललेली, आणि मागचं जास्त फिरलेलं. हे म्हणजे आक्रीतच होतं. आबा तिला शोधत बोळात आले. तिच्याजवळ येईपर्यंत त्यांनी जेवढ्या ढांगा टाकल्या, तेवढ्या वाटेला आपल्याला दुप्पट पावलं लागली असती, असं तिच्या मनात आलं. आणि तिथेच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याचं पाऊल लहान, त्याला पावलं जास्त लागतात.

तिने मागच्या टायरवरून बोट फिरवलं. पुढच्या टायरच्या खाचांत बोट रुतत होतं, मागचा टायर टकलासारखा गुळगुळीत होता.

"आबा, मागची चाकं लहान आहेत," ती म्हणाली. "झिजून लहान झालीत. म्हणून जास्त फिरतात. संगणकाला वाटतं ती घसरतायत, म्हणून तो दाबतो. दाबलं की दोन्ही सारखी फिरतात, म्हणून सोडतो. सोडलं की परत फरक. दाब, सोड, दाब, सोड. हीच उचकी."

जुन्या भोळ्या पेटीने हा फरक मुकाट्याने पोटात घातला असता. नवी हुशार पेटी तो सोसायला तयार नव्हती. सगळं जुळलं होतं. फक्त एक गोष्ट नूपुरला कळेना. झिजण्याचं शास्त्र कोळून प्यायलेल्या आबांना हे टायर कसे दिसले नाहीत?

तिने वर पाहिलं. आबा टायरकडे पाहत नव्हते.

चहाचे कप घेऊन आलेल्या आत्याने सगळं ऐकलं होतं. घाटातल्या शर्यतवाल्यांची एक रीत असते, असं ती हळू आवाजात नूपुरला सांगू लागली. जिंकलेली मागची जोडी पुढच्या विजयापर्यंत गाडीवरून उतरवायची नाही. हे टायर आजीच्या शेवटच्या शर्यतीचे होते. पुढचे नवे आणले तेव्हा मागचेही बदलू, असं आत्या म्हणाली होती. पण रबर अजून उत्तम आहे, असं आबांनी सांगितलं, आणि रबराच्या बाबतीत त्यांचा शब्द कोण मोडणार?

"रबर केव्हाच कडक झालंय," आबा म्हणाले. "मला माहीत होतं. मी मुद्दाम बघितलं नाही. तिने शेवटची फिरवलेली चाकं आहेत ती, बाळा. माझ्याच्याने उतरवेनात."

नूपुरला एकदम फार वाईट वाटलं. कोडं सुटल्यावर आनंद होतो असं तिला नेहमी सांगितलं जायचं, आणि इथे तिला खडू फेकून द्यावासा वाटत होता. तिने आबांचा हात धरला.

आबांनी जॅक मागवला. हवालदार पुढे सरसावला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला केलं आणि चाकांचे नट स्वतःच्या हातांनी सोडवले. पुढच्यांबरोबरच आणून ठेवलेली नवी जोडी आत्याने शेडमधून काढली. खडूचा प्रयोग नूपुरने पुन्हा केला. या वेळी बोळाच्या टोकाला दोन्ही खुणा खाली आल्या.

जुन्या टायरचं काय करायचं, असं आत्याने विचारलं. फेकायचे नाहीत, एवढंच आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या मैदानाच्या कडेला आजीचे दोन्ही टायर एकावर एक ठेवून आबा त्यांच्यावर बसले. नूपुर त्यांना टेकून उभी होती. तिच्या डोक्यात रात्रीपासून एक विचार घोळत होता. संगणकाने फेऱ्या मोजल्या, हवालदाराने बोल्ट तपासले, पण टायर किती झिजलाय हे कुणीच विचारलं नाही. दाबायच्या आधी तसं विचारणारी पेटी आपण बनवायची, असं तिने आबांना सांगितलं. उद्यापासूनच सुरू करू, असं ते म्हणाले.

तेवढ्यात वाघीण आली. सरळ रस्त्यावरून ती पाण्यासारखी वाहत गेली, मग आतल्या अरुंद वळणात शिरली, आणि एकही चाक न फरफटवता बाहेर पडली. तपासनिसाने हिरवं निशाण वर केलं. आत्याने खिडकीतून हात काढून हलवला, अगदी आजी हलवायची तसा.

आबा चष्मा पुसू लागले. पुसता पुसता त्यांना उचकी लागली. एक, मग दुसरी.

"आजी आठवण काढत असेल," नूपुर म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली. आता श्वासपटल येणार, हे तिला ठाऊक होतं.

आबांनी बसल्या जागी टायरवरून हात फिरवला.

"असेल," ते म्हणाले.