पावलात पाऊल

ही गोष्ट दुपारची आहे. भुताखेतांना अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मार्गशीर्षातल्या एखाद्या लख्ख दुपारी, ओहोटी लागलेली असताना, खाडीच्या चिखलात एकट्यानं उभं राहून बघावं. पाणी लांब गेलेलं असतं. तिवरांची मुळं उघडी पडलेली असतात. आणि सगळ्या गाळातून बारीक आवाज येत असतो, कुणीतरी ओठ मिटावेत आणि उघडावेत तसा.

चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीच्या एका कॉलेजात मानवशास्त्र हा विषय नवा सुरू झाला, आणि खाडीपलीकडच्या तिवरवाडीची सगुणा भाटकर पहिल्या वर्षाला तो विषय घेऊन बसली. वाडीतली कॉलेजात जाणारी ती पहिलीच मुलगी. बाप खलाशी, बहुतेक काळ जहाजावर. घरात शब्द चालायचा तो धाकूकाकाचा. काकाला एवढंच कळलं होतं की पोरगी मेलेल्यांची हाडं हाताळते आणि माणूस वानरापासून झाला म्हणते. तो आधीच धुमसत होता.

शिकवायला नाचणकर मॅडम होत्या. एक दिवस त्यांनी अख्खा वर्ग खाडीकाठी आणला.

"माणूस आधी पायानं माणूस झाला, डोक्यानं नंतर," त्या म्हणाल्या. "मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी तो दोन पायांवर चालायला लागला. तर आज आपण पाय वाचायचे."

भरतीनं नुकताच धुऊन काढलेला चिखल काचेसारखा सपाट पडला होता. चपला काठावर काढून एकेकानं त्यातून सरळ चालत जायचं आणि मग ठशाची लांबी, दोन पावलांतलं अंतर, टाचेची खोली मोजायची. मुलंमुली हसत, घसरत चालत गेली. सगुणा सगळ्यांत शेवटी, सगळ्यांपासून अंतर ठेवून चालली. चिखल तिला नवा नव्हता.

मॅडम तिच्या ठशांशी आल्या, वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"सगुणा, तुझ्या मागून कोण चाललं?"

"कुणी नाही, मॅडम."

"नीट आठव."

सगुणानं खाली पाहिलं. तिच्या ठशाच्या आत आणखी एक ठसा होता. लहान, अरुंद, बोटं पसरलेला. जन्मात चप्पल न घातलेल्या पायाचा. पहिल्या पावलात, दुसऱ्यात, तिसऱ्यात... शेवटपर्यंत.

मॅडमचे डोळे चमकले. आफ्रिकेत ज्वालामुखीच्या राखेत लाखो वर्षांपूर्वीची पावलं सापडली होती, त्याबद्दल त्या भराभर सांगू लागल्या. तिथंही म्हणे एकाच्या ठशात दुसऱ्यानं पाऊल टाकलेलं होतं. बोलता बोलता त्यांनी पट्टी आतल्या ठशात उभी धरली. मग पुढच्यात धरली. मग त्याच्या पुढच्यात.

"डावा पाय जास्त रुततोय. दर वेळी डावाच. डाव्या कडेवर मूल घेतलं की बाई अशी चालते..."

आणि त्यांनी पट्टी काढून घेतली. कारण काठावरच्या साऱ्या वर्गानं पाहिलं होतं, सगुणाच्या मागून कुणीही चाललं नव्हतं.

होडीवाला विठूमामा तेवढ्यात माणसं घ्यायला चिखल तुडवत आला होता. त्यानं ते ठसे पाहिले. तोंडातली विडी त्यानं काढून टाकली आणि सगुणाला पलीकडे पोचवून तो घाईघाईनं वाडीत गेला.

दिवेलागणीच्या आधीच ठशांची बातमी वाडीभर झाली. धाकूकाका अंगणात उभा राहून गरजला, "उद्यापासनं कॉलेज बंद! हाडं उकरतात, आणि मागनं हे घरात येतं!"

सगुणा चुलीपाशी आईजवळ जाऊन बसली. आई लाकूड पुढं सारत म्हणाली, "जनी असंल ती."

"कोण जनी?"

"तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. नवरा मुंबईला गिरणीत. दोन वर्षं तो गावाला फिरकला नाही, आणि हिच्या कडेवर मूल. वाडीनं बाहेर काढली. होडीत कुणी घेईना. मग ती चिखलातनं चालतच निघाली, पोराला घेऊन. आपण कसं, रुतू नये म्हणून पुढच्याच्या पावलात पाऊल टाकतो ना... तिच्या पुढं कुणी नव्हतं गो. मध्यावर गेली आणि भरती आली."

"आणि वाडी?"

"वाडी काठावर उभी होती."

आई तेव्हा कुठं उभी होती, हे सगुणानं विचारलं नाही. पण तिच्या भीतीचा तिथल्या तिथं संताप झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून वाडी आडवी झाली असताना ती पिशवी घेऊन निघाली. होडीत चार माणसं बसली होती. विठूमामानं वल्हं आडवं धरलं.

"नको बाय. तुला घेतली तर ती पण चढंल."

"मग चढू दे. तेव्हा घेतली असती तर आज मागं लागली नसती."

होडीतली माणसं पाण्याकडे बघू लागली. धाकूकाका काठावरनं ओरडत येत होता, मागोमाग जागी झालेली वाडी. सगुणानं साडी वर खोचली, पिशवी डोक्यावर घेतली.

"मी चालत जाते. तुम्ही उभे राहा. वाडीला सवय आहे."

आणि ती चिखलात उतरली.

ऊन डोक्यावर होतं. पाणी पार तळाला गेलं होतं, मधला प्रवाह कमरेएवढा उरला होता. एवढं ती जाणून होती. पाय टाकायचा, अजमावायचा, मग भार द्यायचा. चपक... चपक... तिची पावलं वाजत होती. काठावरचा आरडाओरडा मागं पडला. तिवरांतला एक बगळा उडाला, आणि मग पक्ष्यांचा आवाजच थांबला.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, आवाज जास्त होताहेत.

चपक... आणि मागोमाग, जरा दबलेलं, चपक.

ती थांबली. मागचं एक पाऊल पडलं, मग तेही थांबलं.

वास आला. गाळाचा नाही, मासळीचा नाही. दुधाचा. अंगावर सुकून आंबलेल्या दुधाचा. आणि कुणीतरी दमल्यासारखा श्वास घेत होतं, इतकं जवळ की सगुणाच्या मानेवरचे केस ओलसर झाले.

पळावं असं तिच्या प्रत्येक हाडाला वाटत होतं. पण चिखलात पळणारा रुततो. आणि दुसरं म्हणजे, तिला पळायचं नव्हतं. काठावर सगळी वाडी उभी होती. ही पळते का हेच ती बघत होती.

"जनी," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "जनीकाकी. मी पुढं आहे. माझ्या पावलात पाऊल टाक. कितीही वेळ लागू दे, मी पळणार नाही."

मागं काही हाललं नाही.

"आणि... दमली असशील तर दे इकडं."

हे आपण का बोललो, हे सगुणाला पुढं कधीच सांगता आलं नाही. क्षणभर काहीच झालं नाही. मग डाव्या कमरेवर थंड काहीतरी टेकलं. ओलं. आधी हलकं, मग जड होत गेलेलं. बारकी बोटं असावीत तसं काहीतरी ब्लाउजच्या बाहीत रुतलं आणि घट्ट झालं. तिचा डावा हात आपोआप वळला, जसा कुठल्याही बाईचा वळतो. तिनं खाली पाहिलं नाही. ओझं जरा वर सरकवलं आणि पाऊल उचललं.

प्रवाहात पाणी कमरेला लागलं तेव्हा ते ओझं तिला बिलगलं. पलीकडच्या चिखलात मागची पावलं हलकी होत गेली, आणि भरतीची पहिली बारीक लाट तिच्या टाचांना शिवली तेव्हा ती काठावर चढली होती.

तिनं वळून पाहिलं. तिच्या ठशांच्या आतले ते अरुंद ठसे काठाच्या अलीकडे बाजूला निघाले होते आणि पाण्याकडे गेले होते. दोन्ही पाय सारखेच रुतलेले, मोकळ्या माणसाचे. डाव्या पायाचे खोल ठसे आता सगुणाचे होते.

त्या दिवशी ती चिखलानं भरलेल्या साडीनिशी वर्गात बसली. संध्याकाळी विठूमामा आपणहून होडी घेऊन आला. धाकूकाका ओट्यावर बसून होता, ती त्याच्या समोरून घरात शिरली आणि म्हणाली, "उद्याही जाणार आहे." त्यानं तोंड उघडलं, मग तिच्या डाव्या कमरेकडे पाहिलं, आणि मिटलं. त्यानंतर त्या घरात कॉलेजचा विषय निघाला नाही.

ती रोज गेली. डावीकडे किंचित झुकून चालायची सवय तिला लागली. होडीत माणसं तिच्यापासून सरकून बसायची; बसोत. रात्री कूस बदलताना ती डावी बाजू मोकळी ठेवायची. कधी भीतीनं पहाटे जाग यायची. तरी परीक्षेला बसली, पास झाली, दुसऱ्या वर्षालाही तोच विषय घेतला.

त्या वर्षीच्या पहिल्या दिवशी, पावसानं उघडीप दिली असताना, ओहोटीला, ती होडीकडे चिखलातनं निघाली आणि मध्येच थबकली. अंग हलकं लागत होतं. कमरेवर काही नव्हतं. तिनं मागं पाहिलं. तिची दोन्ही पावलं सारखी उमटली होती. तिनं सुटकेचा श्वास घेतला, आणि मग तिला ते दिसलं.

तिच्या ठशांच्या डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर, चिमुकली पावलं होती. आधी अडखळती, एकमेकांत अडकलेली. मग नीट. टाच, मग बोटं. टाच, मग बोटं. ती सगुणापाशी येऊन थांबली नव्हती. पुढं निघून गेली होती, थेट होडीपर्यंत.

सगुणा अजून चिखलातच उभी होती तेव्हा होडी एका बाजूला कलली.

विठूमामानं वल्हं घट्ट धरलं. आतली माणसं सरकली आणि मधली फळी मोकळी झाली. सगुणा चढली, फळीच्या उरलेल्या जागेवर बसली आणि पदर सावरला.

"ढकला, विठूमामा. उशीर होतो."

होडी निघाली. ऊन कडक होतं. चिखलाचे सगळ्यांचे पाय वाळले, फळ्या वाळल्या. सगुणाशेजारच्या फळीवर दोन चिमुकली ओली पावलं होती, बोटं मागच्या तिवरवाडीच्या दिशेला केलेली, काठाकडे बघत उभं असल्यासारखी. पलीकडचा काठ लागला, माणसं उतरली, तरी ती वाळली नव्हती.