नाव न घेता मारलेली हाक

त्या दिवशी आभाळ चुलीतल्या राखेसारखं होतं. बर्फ पडत नव्हता, पण आदल्या रात्रीचा झाडांवर तसाच बसून होता. वाऱ्याचं नाव नाही. आमच्याकडे आरेच्या जंगलात डिसेंबरात पहाटे जो गारवा लागतो त्याला आम्ही थंडी म्हणायचो. ऑस्ट्रियातली थंडी निराळी. ती अंगाला लागत नाही, दातांत शिरते.

मी वाकोल्याचा. माझा दोस्त कॉस्मस, तोही तिथलाच, गावठाणातला सुतार. त्याचा मुलगा व्हर्नन ऑस्ट्रियात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. नाताळात त्याने आईबापाला बोलावलं. पण जोसेफीनवहिनींचे गुडघे धड नाहीत, त्या नको म्हणाल्या, आणि कॉस्मस एकटा जाईना. म्हणून मी. माझ्यासारख्या अडाणी माणसाने विमान आतून बघितलं ते असं.

तर त्या दुपारी व्हर्नन आम्हाला एक जुना राजवाडा दाखवायला घेऊन गेला. खोलीतून खोली, खोलीतून खोली. माणसं थोडी. मेणाचा आणि जुन्या कापडाचा वास.

"पप्पा, कशाला हात लावायचा नाही हां," व्हर्नन म्हणाला.

"मी काय पोर आहे काय रे?" कॉस्मस मला म्हणाला, "सहदेव, ते छत बघ. रंधा मारून मारून हात गळून पडले असतील एकेकाचे."

"तुला बोलावलं नाही, नशीब त्यांचं. छत अजून वर आहे."

तो खोकला येईपर्यंत हसला.

आपल्याकडे दुपारचा चहा होतो त्या वेळेला तिथे काळोख पडायला लागला. व्हर्नन फोनवर बोलत पुढे गेला होता. आम्ही एका निळ्या खोलीत होतो, भिंतींना रेशमी कापड लावलेलं. कॉस्मस एकदम थांबला.

"इथे दार आहे."

मला तर सपाट भिंत दिसत होती. ना कडी, ना चौकट.

"कापडातच कापलंय बघ. नोकरचाकर यायचे असतील इथून." आणि सुताराची सवय, आत पोकळ आहे का बघायला त्याने बोट वाकवून वाजवलं. टक टक.

आतून आवाज आला. टक टक.

"पाइप असेल," मी म्हटलं.

"पाइप असा वाजत नाही रे… लाकूड आहे हे… कुणीतरी बोटाने…" त्याने भिंतीला कान लावला. "सहदेव… आत कुणीतरी श्वास घेतंय…"

पुढच्या खोलीतून व्हर्ननने हाक मारली म्हणून मी तिकडे बघितलं. परत वळलो तोवर कॉस्मस खाली बसला होता. पाय पसरलेले, डोळे उघडे, नजर भिंतीवर. हात धरला तर थंडगार लोखंड.

व्हर्नन धावत आला. बापाला असं बघून पांढरा पडला आणि माणसं बोलवायला तसाच पळाला. मागच्या खोल्यांमधले दिवे एकेक करून विझत होते. मी आणि कॉस्मस दोघंच.

आमच्या गावाकडे म्हणतात, माणूस जिथे भ्याला तिथे त्याचा जीव अडकून राहतो. मग त्या जागेची चिमूटभर माती घ्यायची, नाव घेऊन हाक मारायची, घरी चल म्हणायचं, आणि मागे न बघता निघायचं. माती कुठली? एवढ्या मोठ्या घरात चिमूटभर धूळ नव्हती. राहिलं नाव. पण परक्या जागेत, तिन्हीसांजेला, माणसाचं नाव मोठ्याने घेऊ नये हेही आमच्याकडचंच. ऐकणारे ऐकतात. दोन्ही गोष्टी एकदमच डोक्यात आल्या. मी नाव गिळलं, भिंतीकडे तोंड केलं आणि नुसतं म्हटलं, "चल… घरी चल…"

भिंतीमागे काहीतरी सरकलं. जड कापड जमिनीवरून ओढल्यासारखं.

व्हर्ननने आणलेल्या दोन माणसांनी कॉस्मसला उभं केलं. तो चालला. व्हर्नन त्याला धरून पुढे, मी मागे. बाहेर आलो तर माझ्याही मागे बर्फ कुरकुरत होता. मी वळून बघितलं नाही. मनात म्हटलं, जमलं. येतोय माझा दोस्त.

वाकोल्याला आल्यावर कळलं, काही जमलं नव्हतं. कॉस्मस भरवलं तर खातो, उठवलं तर उठतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं, विसरायचा आजार आहे. जोसेफीनवहिनी डॉक्टरला काही बोलल्या नाहीत, मला बोलल्या. "सहदेव, माझ्या जागी तू गेलास. माझा माणूस तिथेच टाकून आलास, आणि हा नुसता रिकामा कुडता-पायजमा मला आणून दिलास."

मी तसाच उठून घरी आलो.

माझ्या बायकोने, रुक्मिणीने, सगळं ऐकून घेतलं. तिने एवढंच विचारलं, "तेंचा नाव घेतलात मा?"

"नाही."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "मगे तुमच्या पाठसून इला कोण?"

मी व्हर्ननला फोन लावला. म्हटलं, बाबा, राजवाडा तुझ्या घरापासून ट्रामच्या वाटेवर आहे. त्या निळ्या खोलीत जा आणि बापाला नावाने एक हाक मार. बाकी काही करू नकोस.

"अंकल, तुम्ही मोठे आहात म्हणून ऐकतोय. पप्पांना आजार आहे. मी नर्सिंग ब्यूरोची बाई ठेवलीय ना त्यांच्यासाठी?"

"एक हाक रे. तुझा बाप आहे तो."

"भिंतीला पप्पा म्हणू? लोक हसतील मला." आणि फोन ठेवला. आता उचलतही नाही.

मी रोज संध्याकाळी कॉस्मसजवळ जाऊन बसतो. आता नावाने हाक मारतो, पोटातून मारतो. वहिनी आतून ऐकतात, बाहेर येत नाहीत. तो कधीतरी हात उचलतो, भिंतीवर बोट वाजवतो आणि वाट बघत राहतो.

काल सकाळी शेजारची उत्तरा आमच्या दारात आली. तिचा अनय बालवाडीत जातो, दिवसभर तोंड चालू असतं त्याचं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडे ती गोरी म्हातारी पाहुणी आलीय ना, परवा किती लाडाने हाक मारत होती हो अनयला, अगदी नाव घेऊन… पण तेव्हापासून पोर जेवत नाही, बोलत नाही, नुसतं बसून राहिलंय. जरा येऊन बघता का?"