वळणावरची घंटी

दिवा राहू दे तसाच बंद, तन्मय. कॉरिडॉरचा उजेड पुरे आहे. आणि गार्गी, तो फ्रान्सचा नकाशा मीट जरा. जूनमध्ये जाणारच आहात तुम्ही, कोण अडवतंय? जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेले खडीचे रस्ते, गाडी नाही की घोडं नाही, या गावातून त्या गावात नुसतं पायडल मारत जायचं. सगळं पाठ आहे या पद्माकरकाकाला. हाच रस्ता एका बाईनं असाच बोट फिरवून दाखवला होता, इथेच सिंगापुरात, चोआ चू कांगच्या याच ब्लॉकमध्ये, वरच्या मजल्यावर. तिचं ऐका आणि मग खुशाल जा. फक्त मधे तोंड घालायचं नाही. आणि तिखटमीठ लावून सांगायची आपल्याला सवय नाही. सुबोधच्या तोंडून जसं ऐकलं, तसं सांगतोय.

सुबोधला तुम्ही लिफ्टमध्ये पाहिलंय. उंच, शिडशिडीत, कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडच्या केमिकल प्लांटवर जाणारा. ती बाई म्हणजे नीता, त्याची बायको. सायकलचं वेड मुळात त्याचं, पण तिला लागलं ते असं लागलं की फ्रिजवर फ्रान्सचा नकाशा, आणि त्यावर लाल पेनानं आखलेली ती खडीची वाट. दर वर्षी म्हणायची, "सुबोध, या मे महिन्यात नक्की." आणि दर वर्षी प्लांटचं शटडाऊन, म्हणजे सगळं बंद ठेवून करायची दुरुस्ती, आडवं यायचं. मग दुधाची तहान ताकावर. रविवार उजाडला की चांगी पॉइंटहून बोट पकडायची आणि पुलाउ उबीन बेट गाठायचं. तिथेही खडीच्या वाटा, दोन्ही बाजूंना रबराची जुनी झाडं, एखादी व्हॅन दिसली तर दिसली.

सुबोध पुढे, नीता मागे. हे कायमचं ठरलेलं. आता खडीवरची गंमत तुम्हाला ठाऊक आहे. मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हात वळतो, हात वळला की पुढचं चाक सुटतं. हे त्यानंच तिला शिकवलेलं. मग तिनं युक्ती काढली. वळण घेतलं की तिनं दोनदा घंटी वाजवायची. म्हणजे, मी आहे, तू चल पुढे. पहिली घंटी खणखणीत यायची आणि दुसरी अर्धवट, कारण तिचा अंगठा लगेच उचलला जायचा नाही. त्यावरून तो तिला चिडवायचाही.

एका रविवारी बोटीतच दोघांचं बिनसलं. शटडाऊन परत आलं होतं, फ्रान्स परत पुढे गेलं होतं. नीता नुसती पाण्याकडे बघत बसली. बेटावर पहिल्या वळणांना घंटी वाजली. परतताना ड्युरियनच्या थोराड झाडापाशी जे वळण आहे, तिथे वाजली नाही. सुबोधला वाटलं, रुसली. रुसू दे, जेटीवर काढू समजूत. तो तसाच पुढे आला, दोन शहाळी घेतली, आपलं पिऊन टाकलं. तिचं शहाळं उन्हात गरम झालं, तेव्हा कुठे उठला.

नीता त्या झाडाला टेकून बसली होती. हार्ट अटॅक. सायकल शेजारी नीट उभी करून ठेवलेली. म्हणजे पडली नव्हती बिचारी. उतरली होती, बसली होती, वाट बघितली होती. डॉक्टर म्हणाले, "लगेच कळलं असतं तर..." आणि पुढचं बोलले नाहीत. ते न बोललेलं सुबोध आजवर ऐकतोय.

दहाव्याला आम्ही होतो सगळे. पिंड ठेवला. समोरच्या रेनट्रीवर कावळे बसलेले. एरवी हॉकर सेंटरला आपल्या ताटातला भात पळवणारी जात, पण त्या दिवशी एक खाली उतरेल तर शपथ. सुबोध हात जोडून म्हणाला, जाईला काही कमी पडू देणार नाही. जाई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. कावळे बसूनच. तुझ्या आईला बघीन, म्हणाला. नाही. शेवटी म्हणाला, तुझा तो फ्रान्सचा रस्ता मी पुरा करीन. तेव्हा एक कावळा उडाला, आणि सरळ निघून गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. पण सुबोधनं मनाशी धरलं ते धरलंच. नुसत्या शब्दावर तिचा भरवसा बसला नसेल, जाऊन दाखवलं पाहिजे. वर्ष सरलं आणि त्यानं तिकीट काढलं. एकच. जाईचं ओ-लेव्हलचं, म्हणजे आपल्याकडच्या दहावीचं वर्ष होतं, तिला शेजारच्या बाईंकडे ठेवायचं ठरवलं. पोरीला विचारलं नाही, सांगितलं.

आता त्या दिवसाचं ऐका. दोन हजार पंचवीस, मार्चची एकोणतीस तारीख. शनिवार आणि अमावास्या, दुसऱ्या दिवशी पाडवा. काम अगदी साधं होतं. प्रवासाच्या पिशव्या सायकलला लावून, सामान भरून, खडीवर एकदा चालवून बघायच्या. तो निघायला आणि जाई खोलीतून बाहेर यायला एकच गाठ पडली.

"बाबा, मी पण येते. आईची सायकल घेते. कॅन? चालेल?"

नीताची सायकल हॉलच्या भिंतीवर टांगलेली, वर्षभर कोणी फडकंही लावलं नव्हतं. जाई आता आईपेक्षा उंच झालेली, म्हणजे सीट वर करायला हवी. सुबोधनं सायकल उतरवली, अॅलन की, ती सहा कोनांची वाकडी किल्ली, लावून सीटखालची पट्टी सैल केली, सीट ओढली. हलेना. गंजून जाम झालेली. घामाघूम झाला तरी दांडा बोटभरही वर येईना. वैतागून त्यानं पट्टी परत आवळली, सायकल भिंतीवर लटकवली आणि अॅलन की खांद्यावरच्या पिशवीत टाकली.

"होत नाहीये. आणि तुला माझ्याबरोबर झेपणारही नाही."

"यू ऑलवेज गो फर्स्ट, बाबा," जाई म्हणाली. तेव्हा तो सायकल घेऊन लिफ्टमध्ये शिरला होता, दार लागत होतं. त्यानं ऐकलं, पण वळला नाही.

उबीनला उतरला तेव्हा दिवस कलला होता. जेटीजवळच्या दुकानात रोजा सोडायची तयारी चालली होती. दुकानातली मावशी म्हणाली, "अंकल, लास्ट बोट सून, हां." त्यानं हात हलवला आणि निघाला. अर्ध्या वाटेवर पावसानं गाठलं. पिशव्या जड, खडी ओली, सायकल डुलायची. बेटाच्या टोकाला जाऊन परत फिरेपर्यंत काळोख पडला होता. पाऊस थांबलेला, पानं टपटपत होती. पुढच्या दिव्याच्या उजेडात हातभर खडी दिसे, तेवढीच.

पहिलं वळण घेतलं आणि मागून घंटी वाजली.

कोणीतरी घाईतलं असेल, त्यालाही बोट गाठायची असेल, म्हणून सुबोध कडेला झाला. जाऊ दे पुढे. कोणी पुढे आलं नाही. टायरखाली खडी कुरकुरत होती, ती एकाच सायकलची. त्याच्या.

दुसरं वळण.

घंटी. दोनदा. पहिली खणखणीत. दुसरी... अर्धवट.

सुबोधनं हँडल घट्ट धरलं. मान ताठ झाली. मागे बघायचं नाही. खडीवर बघायचं नाही. स्मशानातून येतानाही बघायचं नाही. त्यानं पायडल जोरात मारलं. मागचं अंतर वाढलं नाही. कमीही झालं नाही.

आणखी एक वळण. घंटी. तेवढ्याच अंतरावरून.

"नीता..." तो पुटपुटला.

मग ड्युरियनचं झाड आलं. वळण आलं. तो वळला.

काही नाही.

कान टवकारले. काही नाही. पानांवरचं पाणी. लांब कुठेतरी कुत्रं. झाडीतून जेटीचे दिवे दिसत होते, बोट सुटायची वेळ झाली होती. पाय म्हणत होते, चल. त्या दिवशीही असंच म्हणाले होते.

सुबोधनं ब्रेक दाबला.

उतरला. आणि मागे वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. झाड होतं. ओली खडी होती. तो सायकल हातात धरून चालत मागे गेला. झाडाला सायकल लावली. ती बसली होती तिथेच, चिखलात, खाली बसला.

"थांबलोय मी," तो म्हणाला. "मला वाटलं, तू रुसलीस... मला तेवढंच वाटलं गं."

आणि मग रडला. वर्षभर हा माणूस कोणासमोर रडला नव्हता, त्या अंधारात ढसाढसा रडला. जरा सावरल्यावर म्हणाला, "मे महिन्यात जातोय मी फ्रान्सला, तुझ्यासाठी. तू आखलेला सगळा रस्ता..."

त्याचं त्यालाच ऐकू आलं. परत तोच पुढे. आणि मागे कोणीतरी एकटं, वाट बघत. लिफ्टच्या दारात उभी राहिलेली जाई त्याला आत्ता दिसली. रेनट्रीवरचा कावळा का उडून गेला, तेही आत्ता कळलं.

त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"जाईला घेऊन जाईन," शेवटी म्हणाला. "परीक्षा झाल्यावर. ती पुढे राहील. मी मागे."

उठून त्यानं सायकल हातात घेतली.

मग घंटी वाजली. पहिली खणखणीत, दुसरी अर्धवट. पण मागून नाही. पुढून. जेटीकडे जाणाऱ्या वळणावरून. त्यानंतरच्या वळणावर पुन्हा एकदा, आणखी लांबून. आणि मग नाही. सुबोध तिच्या मागोमाग निघाला. दोघांच्या इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा मागे होता.

बोट थांबली होती त्याच्यासाठी. घरी पोचला तर जाई सोफ्यावरच झोपलेली, पुस्तक छातीवर. त्यानं दिवा लावला नाही, तिच्या अंगावर चादर घातली, ओली पिशवी खांद्यावरून न काढता तिथेच खुर्चीत बसला. बसल्या बसल्याच त्याला डोळा लागला.

सकाळी जाईच्या आवाजानं जाग आली. "बाबा, थँक्स. कशी काढलीस?"

ती भिंतीपाशी उभी होती. नीताची सायकल तशीच टांगलेली, चाकांवर, घंटीवर वर्षाची धूळ जशीच्या तशी. सीट मात्र वर आलेली. चांगली चार बोटं. दांड्याचा जो भाग आत रुतून बसला होता, तेवढाच पट्टा नव्या वाटीसारखा लख्ख चमकत होता. पट्टी घट्ट आवळलेली. जाईनं सायकल खाली घेतली, वर बसली, आणि सीट तिच्या उंचीला अगदी बरोबर झाली.

सुबोधचा हात मांडीवरच्या पिशवीत गेला. उबीनच्या चिखलानं अजून ओली होती ती. तळाशी अॅलन की हाताला लागली. घरात ती एकच होती.