तलवारींची राणी

भरदुपारी लेक दारात उभी राहिली, तेव्हा बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. इमारतीत सगळे त्यांना पत्तेवाल्या बाई म्हणत. टॅरोचे पत्ते मांडून त्या लोकांच्या चिंता ऐकून घेत, आणि बहुतेकांना तेवढ्यानंच बरं वाटे. लेकीनं मात्र आजवर या प्रकाराची थट्टाच केली होती.

"आई, माझे पत्ते बघ," ती खुर्चीत बसत म्हणाली. "सकाळी नवऱ्याशी भांडून निघालेय. परत घरी जाईन का, एवढंच सांग."

"पाणी तरी पी आधी."

"नको. थंडी वाजतेय."

बाहेर भिंती तापल्या होत्या. पण भांडून आलेल्या पोरीला किती विचारणार? घरच्या माणसाचे पत्ते पाहू नयेत, हे बाईंना ठाऊक होतं. तरी आईचंच मन ते, बसल्या मांडायला.

आधी समोरच्या माणसाचा म्हणून एक पत्ता निवडायचा. लेकीसाठी बाईंच्या मनात प्याल्यांची राणी होती, हळवी, मायाळू. पण रोज स्वतःसाठी जो पत्ता काढायची सवय होती, तोच हातानं काढून ठेवला. तलवारींची राणी. एका हातात उभी तलवार, दुसरा हात पुढे केलेला.

"ही तर तुझी राणी ना? काय अर्थ हिचा?"

"खरं बोलणारी. कुणाची भीड न ठेवणारी."

"आणि?"

"जिचं माणूस तिच्यापासून तुटलंय, ती."

नवरा गेला तेव्हापासून बाईंनी ही राणी आपली मानली होती. चित्रातला तो पुढे केलेला हात त्यांना कुणाला तरी थांबवणारा वाटायचा, आणि त्या हातापुढे कुणीच नसायचं. मांडलेला पत्ता बदलता येत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं. तरीही त्यांनी पुढचे तीन पत्ते पालथे मांडले. दोन उलटले. एवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला.

"शेवटचा पत्ता उलटेपर्यंत जागेवरून उठायचं नाही हं," त्या सवयीनं म्हणाल्या आणि आत गेल्या.

जावयाचा फोन होता. "आई... पुलावर तिच्या स्कूटरला... ट्रकनं... ती गेली हो. सकाळीच गेली. तुम्हाला कसं सांगू कळेना... इथलं दवाखान्यातलं आटोपलं की येतो तिकडे."

बाईंनी दारातून पाहिलं. लेक पाठमोरी बसली होती. वेणीतून पेट्रोलचा मंद वास येत होता.

त्या परत येऊन समोर बसल्या आणि त्यांनी शेवटच्या पत्त्यावर तळहात दाबून धरला. पत्ता उलटला नाही, तर ती उठणार नाही. उठली नाही, तर जाणार नाही. एवढंच त्यांना सुचत होतं. ऊन भिंतीवरून उतरलं, खोली अंधारत गेली. लेकीचे दात वाजायला लागले.

"आई... उलट ना."

"घाई काय आहे, बाळा?"

"खूप थंडी आहे गं... किती वेळ बसवणार मला?"

आईच्या काळजाला ते सोसेना. स्वतःसाठी पोरीला असं कुडकुडत ठेवायचं? त्यांनी डोळे मिटले आणि पत्ता उलटला.

"झालं. जा तू आता."

लेक हलली नाही. "माझे पत्ते मांडलेस कुठे? हे तर तुझे होते..." तिचा आवाज रडवेला झाला. "आई, मला जाताच येत नाहीये."

बाई तिला पोटाशी धरायला धावल्या. हातांना फक्त खुर्चीची गार पाठ लागली.

तेवढ्यात उघड्याच दारातून जावई आत आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. तो दोन पावलं टाकून थबकला आणि कान देऊन ऐकू लागला.

"आई," तो हळूच म्हणाला, "इथं... कुणाचे दात वाजतायत?"