पंधरा रकान्यांचा इशारा

डोंगर मंगळवारी कोसळला. बुधवारी चौकशी होऊन दोषीही सापडला. इशारा कक्षाने एवढी घाई पूर्वी कधी केली नव्हती.

गुरुवारी दोषी, म्हणजे पोलादपूरच्या वरच्या वाडीतली अक्षदा, महाडला अश्वजितकडे आली. अश्वजित खासगी गुप्तहेर. एरवी लग्नाच्या स्थळांची माहिती काढायचा. टिपणं घ्यायला निवृत्त कोंडाजी मास्तर.

"माझा आबा धरून बारा माणसं गेली," अक्षदा म्हणाली. "डोंगराच्या भेगा मोजून कक्षाला कळवायचं माझं काम. मी कळवलं हाय. लोकं म्हंतात, नाय कळवलं."

"फोन का नाही केला?" मास्तरांनी विचारलं.

"वाडीत रेंज नाय. पलीकडच्या शाळेत कक्षाचं यंत्र हाय, तेवढंच. पंधरा रकाने भरले, फोटो लावले. पडद्यावर 'पाठवत आहे' येतच राहिलं. आबाला म्हटलं, निघा. तो म्हणाला, कक्षाचा भोंगा वाजू दे. मी परत यंत्राकडं गेले."

कक्षात पडद्यासमोर मंजुळाबाई बसायच्या. "रोज तिचं 'सर्व ठीक' येतं. त्या दिवशीही सकाळी आलं. नंतर काही नाही. मी जेवायलासुद्धा उठले नाही."

"म्हणजे लाइन चालू होती," मास्तर बाहेर येऊन कुजबुजले. "पोरगी खोटं बोलतेय."

यंत्रं राजेंद्र सांभाळायचा. "यंत्रं नवी, त्यांचे पत्ते नव्या पद्धतीचे. डोंगरावरची लाइन जुनी, तिला ते वाचता येत नाहीत. म्हणून नवा निरोप जुन्या पाकिटात घालून पाठवतो."

"वाटेत अडला तर?"

"लाइन उलट उत्तर देते. ती उत्तरं मी बंद केलीत. कक्षाच्या साहेबांना उलट उत्तरं आवडत नाहीत."

अश्वजितने सगळ्यांना साहेबांच्या खोलीत जमवलं.

"खोटं कुणीच बोललं नाही," तो म्हणाला. "निरोप तुकड्यातुकड्यांनी जातो. पाकिटात पाकीट घातलं की आतली जागा कमी होते. 'सर्व ठीक' त्यात आरामात मावतं. पंधरा रकाने आणि फोटो यांचे तुकडे मात्र काठोकाठ भरलेले. लाइनीने ते टाकून दिले आणि दर वेळी सांगितलं, लहान करून पाठवा. ते उत्तर राजेंद्रने अडवलेलं. म्हणून यंत्र तेच तुकडे पुन्हा पुन्हा पाठवत बसलं."

"म्हणजे रोज फक्त 'ठीक' असल्याचंच कळू शकत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"तेवढंच."

साहेबांनी मान डोलावली. "मुलगी निर्दोष. अर्जात सोळावा रकाना घालू: 'पोचले का?'"

अक्षदा अश्वजितकडे बघत होती.

"नुसतं 'डोंगर येतोय' लिवलं असतं, तर पोचलं असतं?"

मास्तरांनी लिहिणं थांबवलं.

"पोचलं असतं," अश्वजित म्हणाला.

"मी भोंगा वाजवला असता," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.