सुईची सरळ रेघ

“थांब गं! हे बघ!” ओक्टाने आपल्या मैत्रिणीला, ग्रेसला, दंडाला धरून मागे ओढलं.

ज्वालामुखी चौकीतल्या फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला होता आणि सुई त्यावर रेघ ओढत होती. पट्टीने आखावी तशी सरळ!

“छान आहे की! डोंगर झोपलाय,” मार्टेन म्हणाला. ओक्टाचा हा मावसभाऊ तेरा वर्षांचा होता, आणि तेराव्या वर्षी माणसाला सगळंच कळत असतं.

“अरे शहाण्या, सकाळी आमच्या फडताळातल्या बशा वाजल्या. तुमच्या नाही वाजल्या?”

“वाजल्या ना. दोन कप फुटले.”

“मग ही सुई का नाही हलली?”

तिघंही नळकांड्यावर वाकून बघू लागली.

पूर्वेकडच्या समुद्राचा तळ या बेटांच्या खाली सरकत असतो, नखं वाढावीत तितक्या हळू. तो पाणी घेऊन खोल जातो, त्या पाण्याने वरचा तापलेला खडक वितळतो आणि तो रस वर चढतो. म्हणून तर इथली बेटं एका ओळीत उभी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर डोंगर आहे. अशी जमीन कधीच अगदी स्वस्थ नसते. लाटांनी, वाऱ्यानेसुद्धा सुई थरथरते, हे शाळेत सरांनीच सांगितलं होतं.

“ओम हेर्लिंग, सुई बहिरी झालीय!” ओक्टा ओरडली.

चौकीदार हेर्लिंगना सगळी मुलं ‘ओम’, म्हणजे काका, म्हणत. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “सुट्टी लागली की उचापती सुचतात तुम्हाला! चार दिवस रेघ सरळ आहे. देवाचे आभार माना नि खेळायला पळा!”

रविवारी चर्चमध्ये त्यांनीच ‘डोंगर शांत आहे’ असं जाहीर केलं होतं. गंधकाच्या वासाला भिऊन खाली आलेली माणसं जायफळं तोडायला पुन्हा वर गेली होती. त्यांत ओक्टाचे आजोबा, तिचे लाडके ओपाही होते. ती तडक दाराबाहेर धावली.

तिघं चढ चढत ओपांच्या बागेत पोहोचली. आभाळ राखाडी होतं आणि एकही पाखरू बोलत नव्हतं.

“ओपा, खाली चला ना!”

“चौकीचा भोंगा वाजला की येईन,” झाडावरून ओपा म्हणाले. “मागे उगाच खाली बसलो नि निम्मी जायफळं कुजली. तुझं ऐकू, की त्या यंत्राचं?”

बागेच्या वरच, चौकीतल्या सुईला जमिनीचे हादरे कळवणाऱ्या यंत्राची कोठी होती. कुलूप तुटलेलं, आत दोन तारा लोंबत होत्या. बॅटरी गायब!

तेवढ्यात खालून गाणं ऐकू आलं. गावातल्या यूसाकच्या मुलीचं लग्न होतं, आणि लाउडस्पीकर चार दिवस ठणाणा करत होता.

“दिवसा गावात वीज नसते,” मार्टेन सावकाश म्हणाला. “मग तो चालतोय कशावर?”

मांडवात टेबलाखाली बॅटरी सापडली. यूसाक मुळीच लाजला नाही. “परवा ठेवतो परत! डोंगर चाळीस वर्षं गप्प आहे, चार दिवसांनी काय बिघडतंय? पाहुण्यांसमोर माझी शोभा करू नका, पळा!”

पाहुणे हसले. ओक्टाला रडू फुटलं. ग्रेस मात्र आपल्या वडिलांकडे गेली. ते पाद्री होते आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू करणार होते.

“पाप्पा, आजारी माणसांसाठीही मागा ना. प्रत्येकाचं नाव घेऊन!”

पाप्पांना लेकीचं केवढं कौतुक वाटलं! सगळ्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या आजाऱ्यापाशी मार्टेनने तारा सोडवल्या आणि पाचव्यापाशी बॅटरी बांबूला लटकून मांडवाबाहेर पडली. माइक बंद पडला, पण पाप्पांच्या आवाजाला त्याची गरज कधीच नव्हती.

चढावर बांबूने खांदे सोलून निघाले. कोठीत तारा जोडून तिघं बागेत येऊन बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

“आपलंच चुकलं की काय?” मार्टेन पुटपुटला.

आणि खाली चौकीचा भोंगा किंचाळला! सुई हलली होती.

ओपांनी अर्धं भरलेलं पोतं तिथेच ठेवलं. ते मुलांबरोबर उताराला लागले. उतारावरच्या साऱ्या बागांतून माणसं उतरू लागली. सगळी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, धक्क्यावर पोहोचली आणि सव्वातीनला डोंगर फुटला. भरदुपारी अंधारलं. राख पडत राहिली.

माणूस एकही गेला नाही. पण ओपांची तीनशे झाडं गेली.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुखांनी धक्क्यावरच सगळ्यांसमोर मुलांना उभं केलं. “या तिघांनी आपल्या सगळ्यांचा जीव वाचवला!”

ओम हेर्लिंगनी मान खाली घातली. “रेघ सरळ दिसली आणि मला बरं वाटलं. तिथेच चुकलो. मुलांनो, मला माफ करा.” यूसाक तर कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता.

टाळ्या वाजल्या, पण ओक्टाचं लक्ष ओपांकडे होतं. ते एकटेच करड्या डोंगराकडे बघत होते. ती जाऊन त्यांना चिकटून बसली.

“ओपा, ओम हेर्लिंग म्हणतात, ही राख पुढे चांगली माती होते.”

“होते. माझ्या आजानेही राखेतच लावली होती झाडं.” ओपांनी बाहीवरची राख झटकली. “पण जायफळ धरायला आठ वर्षं लागतात, पोरी. मी आता शहात्तरचा.”

ओक्टाने त्यांचा हात धरला. तिचे डोळे भरून आले.

“तू तेव्हा वीस वर्षांची असशील,” ओपा म्हणाले आणि त्यांनी तिचा सोललेला खांदा हलकेच चाचपला. “हा बरा होऊ दे. मग खड्डे कसे खणायचे ते शिकवतो.”